हात मिळवल्याशिवाय उठू नको

गारखेडा, छत्रपती संभाजीनगर
गुरुवार, ४ डिसेंबर

आक्का,

पाया पडतो. आम्ही इथं बरे आहोत, तुझे गुडघे कसे आहेत ते कळव. फोनवर तुझ्या कानातलं मशीन शिट्ट्या मारतं आणि माझं निम्मं बोलणं तुझ्यापर्यंत पोचतच नाय, म्हणून लिहायला बसलो. तुझा कृष्णा कंपनीच्या कामाला इकडं आलाय, उद्या परत निघतोय. त्याच्याजवळ हे पत्र आणि एक पिशवी देतोय. पिशवी आत्ता उघडू नको.

मंगळवारी आपल्या श्रेयाची पुण्यात मॅच आहे. आजवर पोरगी पात्रता फेरीतच अडकायची, पहिल्यांदा मुख्य स्पर्धेत नाव लागलंय. घरचं कुणीतरी पाहिजेच. तिच्या आईच्या शाळेत परीक्षा चालू आहेत, आणि माझ्या शहागंजच्या दुकानात पाण्याच्या मोटारी-पाइपांचा सीझन, मला हलता येत नाय. तुझ्या घरापासून कोर्ट पंधरा मिनिटांवर. तेव्हा तूच जा. पण टेनिस बघणं म्हणजे डोक्याला लई ताप आहे, आधी नीट समजून घे.

मॅच किती वाजता, असं कुणाला विचारू नको. कुणालाच माहीत नसतं. गेटवर कागद लावलेला असतो, त्यात फक्त लिहितात, तीन नंबर कोर्ट, तिसरी मॅच. आधीच्या दोन लवकर उरकल्या तर अकराला, रखडल्या तर दोनला. आपली एसटी बरी म्हणायची. तू नऊलाच जाऊन बस. टोपी घे, पाणी घे, पाठीला उशी घे, तिथं नुसत्या प्लास्टिकच्या खुर्च्या असतात. पश्चिमेच्या अंगाला बस, म्हणजे दुपारचं ऊन पाठीला लागेल, डोळ्यावर नाय.

आता मुख्य गोष्ट. बोलायचं नाय. हलायचं नाय. चेंडू चालू असताना उठलीस तर सगळे असे बघतात की तू त्यांच्या घरातलं काही उचललंस. दोघी खुर्चीवर बसल्या की मगच उठायचं. फोन बंद. कानाचं मशीनही बंद, ते नेमकं सर्व्हिसच्या वेळी शिट्टी मारील. गुण पाटीवर दिसतात. पंधरा, तीस, मग चाळीस. पंचेचाळीस का नाय, ते मला विचारू नको, मी सात वर्षं विचारतोय. बांगड्यांवर रुमाल बांध. समोरच्या पोरीनं चेंडू नेटात घातला तर टाळ्या वाजवायच्या नाहीत, ते असभ्य धरतात म्हणे. अन् "पाय हलव गं" असं काही ओरडायचं नाय, पंच वळून बघतो. अरे, स्वतःच्या लेकराला पाय हलव म्हणायचं नाय तर कुणाला म्हणायचं! असो.

नेटकडं चालायला लागल्या म्हणजे मॅच संपली असं समजू नको. दोघींनी नेटवर हात मिळवला, पंचाशी हात मिळवला, की संपली. हे मी तुला दोनदा लिहितोय. हात मिळवल्याशिवाय उठू नको.

हे मला कसं कळलं ते लिहायला हात रेटत नाय, पण आता लिहितोच. मार्चमध्ये नागपूरला श्रेयाच्या पायात गोळा आला आणि जिंकत आलेली मॅच गेली, असं मी तुला सांगितलं होतं. आक्का, ते खोटं आहे. तिच्या पायाला काहीच झालं नव्हतं.

झालं असं. एक सेट तिचा, एक त्या दुसरीचा. दुसऱ्या सेटला सहा-सहा बरोबरी झाली म्हणून शेवटी टायब्रेक झाला, तो श्रेयानं सात गुणांवर जिंकला. मग तिसऱ्या सेटऐवजी निकालाचा टायब्रेक सुरू झाला. मला वाटलं, हाही सातचाच. तो निघाला दहाचा! कुणी सांगितलं होतं मला? श्रेयाचे सात झाले, त्या दुसरीचे पाच, आणि दोघी नेटकडं चालायला लागल्या. त्या नुसत्या बाजू बदलत होत्या. मी पिशवीतून आपल्या आबांचा फेटा काढला आणि दार ढकलून सरळ कोर्टात. तुला आठवतं ना, जत्रेत कुस्ती निकाली झाली की आबा फडात उतरून पैलवानाला फेटा बांधायचे. मला दुसरा आनंद कुठं माहीत आहे? पोरीच्या डोक्याला पहिला वेढा दिला तेव्हा तिचं तोंड पाहिलं. पांढरंफटक. "पप्पा, अजून तीन आहेत," एवढंच म्हणाली.

मला बाहेर काढलं. कोर्टाच्या जाळीवरल्या हिरव्या कापडाच्या फटीतून बघत उभा राहिलो. सात-पाच होतं, सात-दहा झालं. ओळीनं पाच गुण गेले. येताना गाडीत ती म्हणाली, यापुढं मॅचला येऊ नका.

ते मी गिळलं असतं. पण गावात तोंड दाखवायचं म्हणून सगळ्यांना गोळ्याचं सांगत सुटलो. पोळ्याला ती गावी आली, तर जेवताना भावकीतला कचरू तिला म्हणाला, "पोरी, दम कमी पडतोय म्हणं तुझा. बाजरी खात जा." तिनं माझ्याकडं पाहिलं. मी ताटात बघत बसलो. तेव्हापासून घरात ती माझ्याशी एक शब्द बोललेली नाय. मीठसुद्धा आईकडून मागते.

पिशवीत तो फेटा आहे. हात मिळवून झाला की तिला दे. माझं नाव घेऊ नको.

तुझा अडाणी धाकटा,
सर्जेराव

ता.क. दुकान एक दिवस बंद ठेवता आलं असतं. तिनं नको म्हणलंय म्हणून येत नाय. वाचून फाडून टाक.


पुणे
मंगळवार, ९ डिसेंबर

पप्पा,

हरले. ४-६, ६-७. पाय ठणठणीत आहेत, ते सगळ्यात आधी लिहिते.

आत्या माझ्याही आधी येऊन बसली होती. बांगड्यांवर रुमाल, मशीन बंद, पाठीला उशी. पूर्ण मॅचभर जागची हलली नाही. शेवटचा चेंडू मी नेटात मारला, हात मिळवला, खुर्चीवर बसून तोंडावर टॉवेल घेतला. टॉवेल काढला तर समोर आत्या, हातात फेटा. मी म्हटलं, "अगं आत्या, मी हरले." तिला काही ऐकू गेलं नाही. "सर्ज्यानं लिहिलंय, हात मिळवला की द्यायचा. मिळवला ना?" आणि बांधायलाच लागली. अर्धा फेटा डोळ्यांवर आला. मला लई राग आला आणि लई रडूही आलं.

मग तिनं तुमचं पत्र माझ्या हातात दिलं. फाडणार नाही म्हणाली.

तुम्ही कोर्टात धावत आलात ते मी कधीच सोडून दिलं होतं. नागपूरचे ते पाच गुण माझे मी घालवले. पायानं नाही, आणि तुम्हीही नाही. मी घाबरले. निदान माझं हरणं तरी माझं राहू द्यायचं होतं.

पुढच्या महिन्यात सोलापूरला खेळतेय. त्याआधी गावी जा आणि कचरूकाकांना चारचौघांत खरं काय ते सांगा. मग या, पश्चिमेच्या अंगाला बसा. फेटा परत पाठवत नाही. तो माझ्या बॅगेत राहील, हात मिळवला की मीच तुमच्याकडं घेऊन येईन, बांधायला.

तुमची, दम असलेली,
श्रेया