बादली माझी, फावडं तुमचं

विलकॉक्स, अ‍ॅरिझोना
१८ ऑगस्ट

प्रिय बाबा,

आशीर्वाद असू द्या. टूसॉनला आत्या तुमचे लाड करत असेल आणि तुम्ही तिच्या स्वयंपाकाला नावं ठेवत असाल, म्हणजे दोघांचं उत्तम चाललं असणार. माझं अक्षर वाकडंतिकडं दिसेल. टेबल डुगडुगतंय.

इकडे पाऊस बरा झाला, मिरच्या धरल्या. तुम्ही जूनमध्ये "या घरात एक तर ते साप राहतील, नाहीतर मी" म्हणून गेलात, तेव्हापासून अंगणातले अकरा खुळखुळे साप मी लांब चिमट्यानं बादलीत घालून खडकांपाशी सोडले. अकराव्यानं तर शेपटीसुद्धा वाजवली नाही, पाहुण्यासारखा गेला. ते जिवंत आहेत म्हणून उंदीर कमी झालेत. कोंबड्यांचे दाणे आता कोंबड्याच खातात.

टेबल डुगडुगत नाही, बाबा. मी डाव्या हातानं लिहितेय.

गेल्या आठवड्यात शेजारच्या क्लिफर्डकाकांच्या ट्रकखाली एक साप आला. डोकं वेगळं, धड वेगळं. माझ्या वर्गातल्या मुलांना विषदंत दाखवू, म्हणून वीस मिनिटांनी मी ते डोकं उचललं. तुम्ही प्रत्येक सापाचं डोकं खोल पुरून वर दगड ठेवायचात आणि मी, घरातली पहिली पदवीधर, हसायचे, "मेलेल्याला काय घाबरायचं?" त्या मेलेल्यानं माझं बोट धरलं.

काका गाडी पळवत ओरडत होते, "अगं शहाणे, तुटलेलं डोकंसुद्धा तासभर चावतं! तुझा बाप डोकी पुरायचा ती काय हौस म्हणून?"

"काका, रस्त्याकडे बघा!"

"रस्ता पाठ आहे मला. तुझ्या बापाला काय सांगू ते सुचेना!"

"काहीच सांगायचं नाही."

तीन दिवस दवाखान्यात होते. बोट वाचलं, फक्त वांग्यासारखं दिसतंय. तुम्हाला कळवलं नाही, कारण तुम्ही धावत याल आणि माझ्याआधी फावडं घेऊन खडकांकडे जाल, अशी भीती वाटली. त्या सापाचा काही दोष नव्हता. तुम्हाला हसले, तीच माझी चूक.

तुमचं फावडं मी खुराड्यामागे लपवलं होतं. आज पुसून दाराशी टेकवलंय. डोकं किती खोल पुरायचं ते मला शिकवा. पण डोकं धडावर आहे तोवर बादली माझी. मान्य असेल तर घरी या. मान्य नसेल तरी या, अंगणातच भांडू. बारावा कुठेतरी ऐकत असेलच.

तुमची,
सध्या डावखुरी आणि जरा कमी शहाणी,
डेल्फिना