बाबा पारोसला उतरले

पिरेअस, ग्रीस
६ जुलै २०२५

चि. सौ. मनवास,
अ. उ. आ. वि.

फोनवर हे शेजारीच बसलेले असतात आणि त्यांच्याविषयी त्यांच्यादेखत बोलायचं मला जमत नाही, म्हणून आपली जुनी रीत. तू वसतिगृहात होतीस तेव्हा लिहायचे तसंच लिहिते आहे, फक्त आता पानांचे फोटो काढून मोबाईलवर पाठवीन. अक्षर लागलं नाही तर दोष तुझ्या चष्म्याचा.

तुझ्या भावाने घर बरं ठेवलं आहे, मला वाटलं होतं त्याहून पुष्कळ बरं. खिडकीतून बंदर दिसतं. हे सकाळपासून तिथे बसतात आणि येईल त्या बोटीचं नाव मोठ्याने वाचतात, ते नोकरीला होते त्या श्रीरामपूरच्या कोर्टात पुकारा व्हायचा तसं. काल मात्र त्यांनी गंधारला रंगनाथ म्हणून हाक मारली. आपल्या वारलेल्या काकांच्या नावाला गंधारने ओ दिली, आणि मग बराच वेळ गच्चीत जाऊन उभा राहिला.

उद्या तो आम्हाला नाक्सोस बेटाच्या बोटीत बसवून देणार आहे. रजा मिळाली की मागून येईल. तू नको म्हणालीस, डॉक्टरही नवी जागा नको म्हणाले, ठाऊक आहे. पण बोटीत बसायचं हे लग्न झाल्यापासून म्हणत आले, आणि दर सुट्टीत कुणाची तरी मुंज आडवी आली. आता नाही तर कधी?

नगरच्या त्या वृद्धांच्या सेवागृहाबद्दल मी शब्द दिला आहे तो विसरले नाही. ज्या दिवशी ते मला ओळखणार नाहीत त्या दिवसापासून तू म्हणशील तसं. पण अजून सकाळी डोळा उघडला की पहिली हाक मलाच असते. तेव्हा तिथल्या यादीतलं त्यांचं नाव काढून टाक. लोभ आहे तेवढा ठेव, राग थोडा कमी कर.

तुझी,
आई


सावेडी, नगर
७ जुलै

ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

नाव काढणार नाही. तिथे जागा मिळावी म्हणून लोक वर्ष वर्ष थांबतात. दिवाळीत बाबा दूध आणायला गेले ते प्रवरेच्या पुलावर सापडले, हे तू मला संक्रांतीला सांगितलंस. रात्री तू दाराला खाट लावून झोपतेस, हे तर शेजारच्या पूजाकडून कळलं. तुझे गुडघे, तुझं बीपी याचा हिशेब कुणी करायचा? मला तुम्ही दोघंही हवे आहात, आई. त्यांना सांभाळता सांभाळता तू आधी जाशील अशी भीती वाटते, आता लिहूनच टाकलं.

थालीपीठं बांधून नेली असशीलच. बोटीवरच्या लोकांना आग्रह करू नकोस, बिचारे समुद्रात उड्या टाकतील. आणि बाबांना एकटं सोडू नकोस. माझं बोलणं मनाला लावून न घेता माया ठेव.

तुझी,
मनवा


नाक्सोस
८ जुलै

चि. सौ. मनवास,
अ. उ. आ. वि.

गंधारने फोन केला असेलच. बाबा सुखरूप आहेत, पण माझ्याजवळ नाहीत. कसं झालं ते त्यालाही मी नीट सांगितलेलं नाही.

बेलापूरच्या घरून नगरला जाताना राहुरी स्टँडवर एसटी थांबली की हे बाटली घेऊन उतरायचे, ती भरलेली असली तरी. मी त्यांच्या जागेवर पिशवी ठेवून जागा धरायची. आमची ही जन्माची वाटणी. काल नाक्सोसच्या अलीकडे पारोस बेटाला बोट लागली. माणसं उठली, यांनी बाटली उचलली, आणि मी पिशवी त्यांच्या जागेवर सरकवली. अडवलं नाही, विचारलं नाही. हात आपोआप गेला.

इथे कुणी बेल मारत नाही. बोटीचं मागचं दार खाली पडतं, माणसं आणि मोटारी उतरतात, चढतात, की दार लगेच वर. मला कळलं तोवर धक्का लांब गेला होता. हे धक्क्यावर उभे होते आणि कुठल्याशा भिंतीवर नळ शोधत होते.

बंदरावरच्या पोलिसांना ते तिथेच सापडले. तिकीट खिडकीवरची कतेरीना नावाची बाई त्यांना घरी घेऊन गेली. तिच्या आईचंही असंच आहे म्हणे. गोळ्या माझ्याकडे राहिल्या, तशाच दुसऱ्या गंधारने फोनवरून तिथे मिळवून दिल्या. पण वारा असा सुटला आहे की बोटी बांधून ठेवल्या आहेत, छोटी विमानंही बंद. इथून समोर पारोस दिसतं. कतेरीना फोन त्यांच्या कानाला लावते, ते नुसते ऐकतात.

तू सोडू नकोस म्हणाली होतीस. मला फार अपराधी वाटतं आहे. रागावलीस तरी पत्र पाठव.

तुझी,
आई


नगर
९ जुलै

ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

खूप बोलायचं ठरवलं होतं, पण पिशवीचं वाचलं आणि राग गेला. मी असते तर मीही सरकवली असती. दोन घास खाऊन घे.

आज सेवागृहातून फोन आला. एक जागा रिकामी होते आहे, शनिवारपर्यंत उत्तर हवं. बाबा भेटले की तुला ओळखतात का, ते लिही. मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस, तेवढी कृपा कर.

तुझी,
मनवा


पारोस
१० जुलै

चि. सौ. मनवास,
अ. उ. आ. वि.

वारा पडला आणि पहिल्या बोटीने मी इथे आले. हे तिकीट खिडकीसमोर बाकावर बसले होते. दाढी केलेली, अंगात कुणाचा तरी निळा सदरा. मी समोर जाऊन उभी राहिले. त्यांनी वर पाहिलं आणि उठून हात जोडले, कोर्टात एखादी परकी बाई आली की जोडायचे तसे. एकट्याच आहात का, असं विचारलं. मग बाकावर सरकून जागा करून दिली आणि म्हणाले की आमची मंडळी पुढच्या बोटीने येते आहे, ती आली की तुम्हालाही सोबत होईल, काळजी करू नका.

मी बसले. मग आम्ही दोघं माझी वाट बघत बसलो.

मनात आलं की हे तुला कळवूच नये. गंधार अजून पोचलेला नाही, कतेरीनाला मराठी येत नाही, बघणारं कोणी नव्हतं. पण हे बोलायला लागले. म्हणाले की सरोजिनीचे गुडघे दुखतात, जिना चढताना हात द्यावा लागतो, ती मागत मात्र नाही. तिने फार केलं, असंही म्हणाले. संसारात एवढं त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं, परकी झाले तेव्हा सांगितलं. मला रडू आलं, तर मला धीर द्यायला लागले.

दुपारी त्यांनी हाक मारली ती माझ्याच नावाने. संध्याकाळी मी पुन्हा कोणीतरी बाई झाले. तू खरं लिही म्हणालीस, ते हे आहे.

शब्द दिला तो पाळते. शनिवारी होकार कळव. मात्र खोली एकाची नको, दोघांची माग. ते तिची वाट बघत राहणार, मनवा, आणि त्यांच्याबरोबर बसायला कोणीतरी लागेल. बेलापूरच्या घराचं तू आणि गंधार ठरवा.

आजवरचा लोभ यापुढे आम्हा दोघांवर मिळून असू दे.

तुझी,
आई