आबांचा निकाल आणि माझी पद्धत

प्रिय आबा,

मी समुपदेशक म्हणून पास झाले! आईला सांगितलं, दादाला सांगितलं, तरी मन भरेना, म्हणून तुम्हाला लिहायला बसले.

मलकापूरच्या कौटुंबिक सल्ला केंद्रात आता मी कुणाच्या हाताखाली नाही. त्यासाठी केंद्राच्या मोठ्या मॅडमना लिहून द्यायचं होतं, माझी काम करायची पद्धत कोणती आणि ती आली कुठून? पुस्तकं मीही वाचलीत हो, पण पहिलं नाव तुमचं लिहिलं!

फौजेतून सुभेदार होऊन पलूसकडच्या आपल्या गावात आलात आणि लोकांची भांडणं मिटवू लागलात. दोन भाऊ बांधावरून हातघाईवर आले, की थोरल्याला दरडावायचात, "तुजं ऱ्हाऊ दे रं. धाकट्याचं काय दुखतंय, ते तू सांग." तो आधी चिडायचा, मग अडखळायचा, मग त्याचा आवाज खाली यायचा. पुढं समुपदेशनाच्या पुस्तकात अगदी हाच प्रश्न सापडला, तेव्हा वर्गात मी एकटीच हसले. आजही मी सासूला आधी सुनेचं दुखणं विचारते. लय अभिमान वाटतो बघा तुमचा!

पण पुढचा प्रश्न होता, घरून शिकलेलं काय सोडून दिलं? आता आली का पंचाईत!

दादा-वहिनीचं बिनसलं, वेगळं राहायची भाषा निघाली, तेव्हा अर्धा तास ऐकून निकाल दिलात. "वायलं ऱ्हायाचं न्हाई. इषय संपला." वहिनी मान डोलावून उठली आणि दुसऱ्या दिवशी वाईला माहेरी गेली, ती वर्षभर आली नाही. मी आणायला गेले, तर म्हणाली, "आबांनी समदं ऐकलं, ताई. पर मला कसं जगायचंय, ते कुनी इचारलंच न्हाई." का एवढी घाई केलीत, आबा? आणि मी तरी तुम्हाला हे कधी सांगितलं का? भीत होते ना!

म्हणून मी निकाल देत नाही. लोक म्हणतात, "मॅडम, तुमीच सांगा की!" जीभ वळवळते, तुमचीच लेक ना! तरी मी उलट विचारते, "तुम्हाला कसं जगायचंय?"

हे सगळं लिहिलं खरं, पण गेलेल्या माणसाची चूक चारचौघांत कशाला, म्हणून खोडायला निघाले. वहिनीनं वाचलं आणि कागद काढून घेतला. "ऱ्हाऊ द्या, ताई. मी बी त्येंचीच सून हाय. आबांस्नी खोटं कवा चाललंय?"

तसाच दिला कागद. आणि वचन देते आबा, उद्या माझी चूक कुणी दाखवली, तर तीही मी अशीच लिहून ठेवीन.

तुमची,
शोभा