वळाचा ग्लास

बाबा, काल केबिन रोडवर भांड्यांच्या दुकानात मी एका माणसाशी भांडलो. त्याची काही चूक नव्हती. आईसाठी कढई बघायला गेलो होतो, तर फळीवर स्टीलच्या ग्लासांची चळत, एकात एक घातलेली, आणि प्रत्येकाच्या काठाखाली तो वळ. दुकानदार म्हणाला, "देखो, नया डिझाइन है. कितना भी दबाओ, अटकेगा नहीं. दिल्ली का माल." मी म्हणालो, "किधर का?" "दिल्ली का." "दिल्ली का नहीं है." "अरे भाई, माल हम मंगाते हैं, मालूम तुमको है?" पुढे मी काय काय बोललो ते तुम्हाला सांगत नाही. शेवटी तो म्हणाला, "गिलास पे इतना गुस्सा? कढ़ाई लेनी है तो लो, नहीं तो साइड दो," आणि मी कढई न घेताच बाहेर पडलो. डोकं तापलेलं, म्हणून चालत सुटलो ते पार मिठागरांपर्यंत. तिथेही आता निम्म्या जागेवर बिल्डिंगी आल्यात. एका बिल्डिंगीला अजून जिना नाही पण नाव आधी रंगवलंय, ते वाचत उभा राहिलो. ते जाऊ दे. तुम्हाला जाऊन एवढी वर्षं झाली, तरी माझं भांडण तुमच्याशीच चालू आहे. दुकानदार बिचारे उगाच मध्ये सापडतात.

मुंबईतली खोली सोडून आपण भाईंदर पूर्वेला आलो तेव्हा तुम्ही कंपनीच्या टूलरूममधून रिटायर झाला होता, आणि मी दहावीनंतर दोन ठिकाणी नाव घालून दोन्ही ठिकाणांहून पळालो होतो. तुम्ही मला 'फिरता पंखा' म्हणायचात. पाहुण्यांसमोरही. "हा आमचा फिरता पंखा. सगळ्यांना वारा घालतो, स्वतः जागेवर काही करत नाही." पाहुणे हसायचे, मी पण हसायचो. मग मी स्टीलची भांडी बनवणाऱ्या गाळ्यात कामाला लागलो, आणि तुम्हाला गाळेवाल्यांच्या संघटनेनं रविवारच्या ट्रेनिंग क्लासला बोलावलं. शाळेच्या खोलीत, लहान मुलांच्या बाकांवर ते सगळे मालक आणि कारागीर गुडघे पोटाशी घेऊन बसायचे, आणि तुम्ही फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहायचात: इनोव्हेशन. बाजारातून कोणाचा तरी पीस उचलून आणायचा आणि कारागिराला सांगायचं, "सेम टू सेम मारो," ही त्यांची सवय तुम्हाला मोडायची होती. "दूसरे का देखके कितने दिन बनायेगा? खुद का डोका चलाव." तुमच्या त्या हिंदीला गाळ्यांमध्ये नकला करून हसायचे. तुमचं नाव पडलं होतं 'इनोव्हेशनसर'. तुम्हाला ते माहीत होतं आणि आवडत पण होतं, खोटं बोलू नका.

मलाही यायला लावलंत क्लासला. अट एकच, वर्गात 'बाबा' म्हणायचं नाही, 'सर' म्हणायचं. "उद्या कोणी बोलायला नको, मास्तर आपल्या पोराला पुढे करतोय." सकाळी एकाच मोरीत तोंड धुवायचं, एकाच पातेल्यातला चहा प्यायचा, आणि शाळेचं फाटक ओलांडलं की तुम्ही सर आणि मी मागच्या बाकावरचा कोणी तरी. मला तेव्हा ती गंमत वाटायची.

आता ग्लास. मी काठ मारायच्या मशीनवर होतो. ग्लासाची वरची धार रोलरमध्ये धरायची, फिरवायची, धार वळून गोल होते, की काठ तयार. काम असं की हात शिकले की डोकं मोकळं, आणि माझं डोकं मोकळं राहिलं की काय होतं ते तुम्हाला माहितीये. गाळ्याच्या दारासमोरून एक माणूस हातगाडीवर आरशाचं कपाट नेत होता. आरशात अख्खी गल्ली उलटी चालली होती, चहावाला, कुत्रं, भंगाराचे ढीग, आणि मध्येच मशीनवर बसलेला मी. ते बघता बघता ग्लास रोलरमध्ये जास्त आत गेला. काठ राहिला बाजूला, आणि काठाच्या खाली बोटभर अंतरावर गोल वळ उठला. पाठीवर छडीचा उठतो ना, तसाच. शेठ ओरडला, "ये क्या सूजा हुआ गिलास बना दिया?" रिजेक्ट म्हणून मी तो घरी आणला.

आपल्याकडचे ग्लास आठवतायत ना? पाहुणे आले की चळतीतले दोन तरी एकमेकांत रुतून बसलेले. आई ओट्यावर आपटायची, तुम्ही आतून उठून यायचात आणि, "थांब, आतल्यात गार पाणी, बाहेरच्याला गरम पाणी," असं विज्ञान सुरू करायचात. पाहुणे तोवर निघायच्या बेतात. आईनंच पहिल्यांदा पाहिलं. म्हणाली, "हा तुझा सुजलेला बरा आहे रे. बाकीच्यांत टाकला तरी अडकत नाही. सगळेच असे आण की."

बाबा, त्या दिवसापासून पुढचे काही आठवडे मी पंखा नव्हतो. काम सुटलं की मशीनवर एकटा बसायचो. वळ फार खाली घेतला तर चळत उंच होते, फार वर घेतला तर वळ टेकायच्या आधीच ग्लास रुततो. जाड वळ ओठाला लागतो, बारीक वळ दाबला की घसरतो. मी रिजेक्ट पत्र्यावर मारून बघायचो, परत मारायचो. कोणी सांगितलं नव्हतं. सिनेमाला बोलावलं तरी गेलो नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला एका जागी बसावंसं वाटत होतं, आणि तुम्ही रोज संध्याकाळी मला उशिरा आलेला बघायचात, पण विचारलंत एवढंच, "कुठे भटकत होतास?"

शेठला बरोबर जमलेला पीस दाखवला. त्यानं एकात एक सहा घातले, वरून अंगठ्यानं दाबले, एका हातानं सोडवले. मग दार ओढून घेतलं आणि म्हणाला, "बैठ." त्याच्या गाळ्यात मला तोवर बस म्हणून कोणी म्हटलं नव्हतं. म्हणाला, "इसका साँचा, डाई, मैं बनवाता हूँ. लाइन तू संभालेगा. कारीगर नहीं, पार्टनर. लेकिन एक बात सुन, लॉट निकलने तक सॅम्पल बाहर नहीं जाना चाहिए." हा आमच्या गल्लीतला एकमेव कायदा होता. मालाची गाडी निघेपर्यंत सॅम्पल कोणाला दाखवायचं नाही. शेजारच्या गाळ्यात बहिणीचा नवरा असला तरी नाही. कारण एकदा सॅम्पल दुसऱ्याच्या हातात गेलं की ते त्याचं. कागद नाही, सही नाही, एवढंच. आणि हे तुम्हाला माहीत नव्हतं असं म्हणू नका. मी स्वतः तुम्हाला जेवताना सांगितलं होतं. शेठचा शब्दही सांगितला होता, पार्टनर. मी घरी आणलेल्या दोन ग्लासांतला एक तुम्ही हातात घेऊन फिरवला, नखानं वळ चाचपला आणि म्हणालात, "हं." मला वाटलं, हे 'हं' म्हणजे शाबासकी. तुमच्याकडून एवढंच मिळायचं, आणि मला तेवढं पुरलं होतं.

मग रविवार येतो. मी मागच्या बाकावर बसलोय. पुढच्या बाकावर माझा शेठ, त्याच्या आजूबाजूला अख्खी गल्ली. तुम्ही कापडी पिशवीत हात घालता, आधी दोन साधे ग्लास काढता, एकात एक दाबता, आणि विचारता, "ये क्यूं अटकता है, बताव." हसाहशी. कोणी म्हणतो, "सरजी, प्यार हो गया है." मग तुम्ही परत पिशवीत हात घालता. मला वाटतं मी उठून उभा राहिलो असेन, कारण शेजारचा म्हणाला, "बैठ ना यार, दिखता नहीं." तुम्ही माझे दोन ग्लास वर धरता. "हे बघा. इसको बोलते इनोव्हेशन. एक कारागीर ने बनाया." आणि ते पुढच्या बाकावर देता, बघा आणि पुढे द्या म्हणून, प्रसादाच्या ताटासारखे.

एक कारागीर. नाव नाही, गाळा नाही, आमचा मुलगा तर नाहीच. माझे ग्लास बाकाबाकावरून माझ्याकडे येत होते आणि मी बघत होतो, कोण नखानं अंतर मोजतोय, कोण वीत लावतोय, एकानं तर खिशातून कॅलिपर काढला. शेठ मागे वळला नाही. तास संपेपर्यंत एकदाही नाही. मी त्याच्या मानेकडे बघत बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी गाळ्यात तो रागावला पण नाही. चहा मागवला. म्हणाला, "तेरे बाप ने तो भंडारा कर दिया. अब डाई का मैं क्या करूँ? बगल वाला कल ही बनवा रहा है." मी म्हणालो, आपण आधी काढू. तो म्हणाला, "बेटा, अब वो सबका है. जा, काठ मार." महिनाभरात तो ग्लास चार गाळ्यांत निघत होता. मिठागराकडचे गाळेवाले मोठा करून काढत होते, लस्सीसाठी. त्यांनी तुमचा उपदेश नीट ऐकला होता, बाबा. माझाच ग्लास सेम टू सेम मारला.

त्या रविवारी संध्याकाळी आपल्या घरात जे झालं ते तुम्ही नंतर कधी काढलं नाहीत, म्हणून मी काढतो. मी म्हणालो, "मला विचारायचं तरी." तुम्ही म्हणालात, "विद्यार्थ्याला विचारून उदाहरण द्यायचं असतं का?" आई भाकरी टाकत होती, ती तशीच तव्यावर ठेवून वळली. "तो विद्यार्थी नाहीये, तो घरी आलाय." तुम्ही तिला म्हणालात, तू मध्ये पडू नकोस. मग मला समजवायला लागलात, त्याच वर्गातल्या आवाजात. पुस्तकातली उदाहरणं त्यांना कळत नाहीत, परदेशातली बाटली, परदेशातली खुर्ची. हा ग्लास त्यांच्या हातातला आहे. "आज पहिल्यांदा त्यांच्या डोक्यात काही शिरलं. तुला काय वाटतं, ते लहान काम आहे?" मी म्हणालो, "आणि माझं?" तुम्ही म्हणालात, "तू किती दिवस टिकला असतास त्या लाइनीवर? पुढच्या महिन्यात दुसरीकडे पळाला असतास." आणि जरा हसून, हात झटकून, "अरे, एका ग्लासाचं काय घेऊन बसलास? तुला उद्या दुसरं काही सुचेल."

मग मी पळालो, म्हणजे तुमचं खरं झालं. वापी, राजकोट, मध्ये एक वर्ष दिल्लीला वजीरपुरात पत्र्याच्या रोलिंगवर, तिथून हरियाणात जगाधरीला, तिथली पितळी भांड्यांची गल्ली बघण्यासारखी आहे, सांगेन कधी. म्हणजे सांगितली असती. प्रत्येक ठिकाणी जेवायला बसलो की कुठे तरी तो ग्लास असायचाच. तुमची बातमी मला राजकोटला उशिरा कळली. आलो तेव्हा सगळं आटपून पुण्यानुमोदनाचा दिवस होता. गच्चीवर मांडव, बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या फोटोशेजारी तुमचा फोटो, आणि समोर गल्लीतले निम्मे गाळेवाले. एक मालक उठून बोलला, "सरजी ने हमको सोचना सिखाया. वो गिलास वाला लेक्चर तो आज भी याद है." सगळ्यांनी माना हलवल्या. त्यात माझा शेठ पण होता. आणि पाणी फिरत होतं, बाबा, शेजाऱ्यांकडून आणलेल्या वळाच्या ग्लासांतून. मी तहानलेला होतो, दोन गाड्या बदलून आलो होतो. नळाला तोंड लावून प्यायलो.

लोक म्हणतात, मेलेल्या माणसावर राग धरू नये. का धरू नये? तुम्ही चुकला होता. चांगल्या हेतूनं चुकला असाल, पण तुमच्या हेतूची किंमत माझ्याकडून वसूल केलीत. गल्लीतल्या सगळ्यांना स्वतःचं काही तरी काढा म्हणून शिकवत होतात, आणि ज्यानं काढलं होतं त्याला ते ठेवू दिलं नाहीत. परक्या कारागिराचा ग्लास असता तर तुम्ही त्याला विचारलं असतं, मला खात्री आहे. दारात जाऊन, नीट, हात जोडून विचारलं असतं. आपला म्हणून नाही विचारलंत. आपल्याचं ते आपलंच, असं ना?

आई आत कांदा चिरतेय. मघाशी विचारून गेली, कोणाला लिहितोयस एवढं. मी म्हणालो, कोणाला नाही. ती म्हणाली, मग कढई कधी आणतोयस.

एक गोष्ट मी तिला सांगितलेली नाही, शेठला सांगितली नाही, ज्या ज्या गाळ्यात राहिलो तिथे कोणाला नाही. तिथे मी सांगत असतो, माझ्या डोक्यात खूप काही आहे, वेळ मिळाला की काढीन. मशीनवर बसतो, हात चालू, डोकं मोकळं, बाहेर बघतो. बाहेर खूप काही जात असतं. त्या संध्याकाळी हात झटकून तुम्ही ते इतक्या सहज म्हणालात, की मी तेव्हा रागात असूनही विश्वास ठेवला. बाबा, मला दुसरं काही सुचलं नाही.