पळपुट्यांच्या बिळातली पायकथा

प्रिय तिलेली,

सगळ्यांत आधी कोण टपकलं म्हणशील? तुझे मामेसासरे, युबा! आणि आले तेही रीतीप्रमाणे पाठमोरे. परक्या बिळात पाहुण्याने शेपटीकडून शिरायचं, म्हणजे हा भांडायला आला नाही हे आतल्यांना कळतं, एवढी रीत ते पाळतात बाई. पण खोऱ्यातल्या तुझ्या सासरच्या थोरल्या बिळातले जव त्यांच्या अंगाला असे लागलेत की कमरेपाशी अडकलेच! आत बूड, बाहेर डोकं. मागे भर उन्हात तुझ्या सासूबाई, लल्ला तुदा, ताटकळत उभ्या. त्या म्हणतात, "युबा, एक तर आत जा नाहीतर बाहेर ये, दाराचं बूच होऊ नकोस." तर हे काय म्हणावेत? "ताई, बीळच अरुंद आहे. पळपुट्यांची बिळं अशीच, एकेकट्याने सटकण्यापुरती." अगं, बूड आमच्या ताब्यात असताना टोमणा मारायचा म्हणजे काय हिंमत! आपल्या शेजारच्या हेन्नूने आतून असा कडकडून चावा घेतला की मामा गोफणीतल्या दगडासारखे बाहेर उडाले. मी म्हटलं, "हेन्नू, पाहुणे आहेत ना गं ते!" ती म्हणाली, "नन्ना, मी फक्त दार मोकळं केलं."

हसू येतंय मला हे कुरतडताना. या खेपेला मुद्दाम बुचाच्या झाडाची साल घेतली आहे. मागचं पत्र कोबीच्या पानावर लिहिलं, ते निरोप्याने वाटेत खाल्लं, आणि तुझ्यापर्यंत काय पोहोचलं, तर देठ! चार अक्षरं येतात मला, ती तुझ्या आजोबांनी शिकवलेली. आता पुढचा एक दात वाकडा वाढतोय, म्हणून ओळ चढणीला लागल्यासारखी दिसेल. सांभाळून घे.

हं, तर पाहुणे. ते कशाला येणार होते ते तुझ्या कानावर आलंच असेल. सगळ्या बिळांच्या बैठकीत लल्लांनीच अट घातली होती. आपल्या बिळाने पायकथा पहिल्यापासून शेवटपर्यंत ठोकायची, एकही ठोका गाळायचा नाही, आणि ऐकणाऱ्या आपल्या माणसांपैकी एकानेही जागचं हलायचं नाही. जमलं, तर आपलं बीळ जमातीत धरणार, आपल्या लेकींच्या पिल्लांना नाव मिळणार. नाही जमलं, तर आपण पळपुटे, आपल्या लेकी पळपुट्या, आणि त्यांची पिल्लं बिननावाची. अट ऐकून युबा तिथेच मिशा फेंदारून हसले होते म्हणे. कारण त्यांना ठाऊक होतं, पायकथा शेवटपर्यंत बसून आजवर कुणीच ऐकलेली नाही.

तू लहानपणी माझ्या पोटाला चिकटून विचारायचीस, "नन्ना, गोष्टीत पुढे काय झालं?" आणि मी म्हणायचे, "पुढे तू पळालीस." खरंच पळायचीस की! सुरुवात तुला पाठ होती. ऑलिव्हचं तेल काढायच्या जुन्या घाण्याखाली आपले पूर्वज राहायचे. वर बायका घाण्याभोवती बसून दिवसभर गप्पा मारायच्या, ते ऐकून ऐकून आपल्याला बोलता यायला लागलं. म्हणून तर आपल्या बोलण्यात कामाचं कमी आणि शेजाऱ्यांचं जास्त. पण बोलणं आलं तसं खोटंही आलं. तेव्हापासून आपल्यात ठरलं की तोंडाने काय वाटेल ते बोला, इतिहास मात्र पायाने सांगायचा. पाय खोटं ठोकत नाही.

घोळ तिथेच झाला. कारण इतिहासात कोल्हा आहे. तो घाण्याखाली शिरला त्या संध्याकाळी जो इशारा ठोकला गेला, तो पायकथेत तसाच्या तसा ठोकावा लागतो. आणि तो ठोका ऐकून ससा बसेल कसा? बाळंतीण असो की म्हातारा, पाय आपोआप उठतात. मैदान रिकामं! मग कुणी परत येऊन विचारतंय थोडंच, की पुढे काय? वाटेत पाथरीची कोवळी पानं दिसली की इतिहास राहिला बाजूला. शेवट फक्त ठोकणारणींना माहीत, आईच्या पायाखालून लेकीच्या पायात आलेला. थोरल्या बिळात तर तो ठोका गाळूनच टाकला, आणि पुढचं तोंडाने सांगायला लागले: त्या संध्याकाळी आपली मूळ आजी इझ्झा पिल्लं टाकून पळाली, आणि ही डोंगरावरची सगळी तिची अवलाद. मला शेवट येत होता गं, पण माझ्या तोंडचं कोण धरणार? पायाने ऐकवायचं तर ऐकणारे बसायला हवेत.

मग मी युक्ती काढली. प्रत्येकीने आपला डावा मागचा पाय शेजारणीच्या पायाखाली द्यायचा. तुला उठायचं तर तिला उचलून उठावं लागेल, आणि तिच्यावर पुढची बसलेली! पहिल्या दिवशी मी ठोका दिला, आणि काय सांगू, अख्खी रांग एकमेकींना धरून उताराने गडगडत खाली ओहोळात! हेन्नू चिखलातून डोकं वर काढून म्हणाली, "नन्ना, आता पळपुटे म्हणणार नाहीत. गडगडे म्हणतील." पण उन्हाळाभर रोज बसलो. आधी गडगडलो, मग नुसते उडालो, मग नुसते थरथरलो. कुणी तरी विचारलं, खरा कोल्हा आला तर? त्यासाठी हेन्नूचा नवरा खडकावर बसवला. तो ठोकणार नाही, किंचाळेल, असं ठरलं. तसाही तो घरी किंचाळतच असतो.

तर पाहुण्यांना झातरच्या झुडपाजवळ सावलीत बसवलं, पाथरी दिली, कोवळे जव दिले. युबा बसताना जरा तिरके बसले, कारण तुला माहीत आहे. ऊन कललं तशी मी सपाट दगडापुढे उभी राहिले. भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू. पण पहिला ठोका पडला आणि मग माझं मला काही उरलं नाही. घाणा ठोकला, त्या बायकांच्या गप्पा ठोकल्या, दुष्काळ ठोकला, इझ्झाची पिल्लं ठोकली. आणि मग अंगात होतं नव्हतं ते सगळं पायात आणून दिला तो ठोका. धप, धप!

रांगेतून अशी थरथर गेली, जवाच्या शेतातून वारा जावा तशी. सगळ्यांचे कान पाठीला चिकटले, डोळ्यांतलं पांढरं दिसायला लागलं. यंदाच्या वेताची चिल्लीपिल्लीसुद्धा होती गं, त्यांचे इवलेसे पाय आयांच्या पायाखाली. एक ओठ हलला नाही, एक पाय सुटला नाही. बसली! माझी सगळी माणसं बसली, तिलेली!

आणि झुडपाजवळ मात्र धूळ. पाहुणे कुठेत? एकही नाही! पाठमोरं नाही की रीत नाही, सगळे डोकं खाली घालून आमच्याच बिळात. ज्या दारात युबा अडकले होते, त्याच दारातून तेल लावल्यासारखे सुळकन गेले. लल्लासुद्धा! हेन्नू रांगेत बसल्या बसल्या हसत होती, पोट हलत होतं, पण पाय? जागच्या जागी.

मी थांबले नाही. आजवर ज्याच्यापुढे मैदान रिकामं असायचं, तो भाग भरल्या मैदानात ठोकला. इझ्झा पळाली, हो. पण बिळाकडे नाही, उघड्या माळाकडे. मुद्दाम लंगडत, कोल्ह्याला मागे लावून, पिल्लांपासून दूर दूर. उजाडता उजाडता फाटक्या कानाने परत आली, तर घाण्याखाली कुणीच नव्हतं. बाकीचे तिची पिल्लं घेऊन खोऱ्यात उतरले होते, ती मेली असं समजून. तिने पुष्कळ शोधलं. मग या डोंगरावर, जिथून सगळं खोरं दिसतं, तिथे बीळ काढलं, पुढच्या वेताची पिल्लं वाढवली, ते आपण, आणि रोज संध्याकाळी ठोकत राहिली, आई पिल्लांना बोलावते तो हळू ठोका. मी इथे आहे. मी इथे आहे. पायकथा तिथे संपते.

पाहुण्यांना ते ऐकू आलं का, म्हणशील? अगं, बिळात होते ना ते! वर बसून ऐकलं असतं त्याच्या दुप्पट ऐकू आलं असेल. चारी बाजूंच्या मातीतून कानात. बऱ्याच वेळाने लल्ला बाहेर आल्या. कान खाली, मिशांना आमची माती. मला वाटलं, आता भांडण. पण त्या सरळ रांगेपाशी गेल्या, आपला पाय हेन्नूच्या पायाखाली सरकवला आणि म्हणाल्या, "विहीणबाई, पुन्हा ठोका. कोल्ह्यापासून." मी म्हटलं, "बसवेल?" त्या म्हणाल्या, "खोऱ्यात ज्यांना उतरवलं, ती इझ्झाची पिल्लं म्हणजे आम्हीच की. आईचं ऐकायला बसायला नको?" मी ठोकलं. त्या उडाल्या, पण हेन्नूने सोडलं नाही. हेन्नू कुणाला सोडते का! युबा आतूनच ओरडले, "मला इथूनच छान ऐकू येतंय!"

जाताना लल्लांनी सगळ्यांसमोर आपलं बीळ जमातीत घेतलं. पळपुटे हा शब्द यापुढे कुणी काढला तर त्याला हेन्नूच्या हवाली करीन म्हणाल्या. मग मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "तिलेली कुठे आहे?" मी लगेच नाही सांगितलं. तुझ्या पिल्लांना त्यांनी बिननावाची म्हटलं, त्या दिवशी तू त्यांना घेऊन निघालीस आणि कोरड्या नाल्यापलीकडे निवडुंगात एकटी राहिलीस. इकडेही आली नाहीस. का, तर आपल्या बिळाच्या नावावर आणखी एक पळालेली नको. पोरी, मला कळलं नव्हतं असं वाटतं तुला? पण लल्लांचा चेहरा पाहिला आणि सांगितलं. तुझा नवरा मासिन रोज नाल्याच्या काठापर्यंत येतो आणि तू हाकलशील म्हणून परत जातो, असं त्या म्हणाल्या. आता ऊठ आणि पिल्लांना घेऊन घरी ये, ताठ कानांनी. लल्ला स्वतः येऊन त्यांच्या कपाळाला हनुवटी घासून नावं ठेवणार आहेत, मासिनलाही आणणार आहेत. खालच्या गावची माणसं कुत्र्यांना घेऊन बाजाराला जातात, वाट मोकळी असते, तो दिवस त्यांनी धरला आहे. बुधवारी येतो म्हणाल्या आहेत.

तुझीच,
नन्ना