दहा कोटी एक

जयेंद्रगंज, लश्कर. सोमवार संध्याकाळ, डिसेंबर १९५७

अण्णाचं तेरावं काल झालं. इथली राजधानी भोपाळला हलली, तिच्याबरोबर त्याची कचेरी गेली, तिच्यामागे हा माझा भाऊ गेला आणि तिथेच वारला. आज त्याच्या वाट्याचं गणित हाती घेतलं.

नवरा गेल्यावर मी या घरी परत आले, तेव्हा त्यानेच हे काढलं होतं. दहा कोटी एक या संख्येला कशाने पूर्ण भाग जातो? शंभरापर्यंतचे भाजक त्याचे, तिथून दहा हजारांपर्यंतचे माझे. रोज दुपारी भागत बसायची. एकानेही भाग जाईना. तो कचेरीतून आला की, पुढे भोपाळहून सुट्टीवर आला की विचारायची, "अण्णा, तुझे झाले?"

"फुरसत कुठे मिळते गं? तू चालू ठेव."

राग यायचा. एवढेसे तर आकडे!

आज तीन घेतला, सात, अकरा, तेरा. मग सतरा. बाकी शून्य. पुन्हा करून पाहिलं. शून्यच.

फुरसत नव्हती म्हणे! पहिल्याच संध्याकाळी सापडला असणार त्याला. आणि इतकी वर्षं गप्प? माझ्या दुपारी रिकाम्या जाऊ नयेत म्हणून?

सतरा. आता उद्या दुपारी मी काय करू, अण्णा?