बारा नंबरचा पाना

दि. ४ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तू मला मध्येच तोडतेस आणि आज मला मनसोक्त वैतागायचं आहे. बाबांच्या गाडीचा वॉटर पंप बदलायला घेतलाय. जरा चालली की ती तापते, म्हणून बाबा गेल्यापासून गॅरेजमध्ये नुसती उभी आहे. पंपाचे बाकीचे बोल्ट मुकाट्यानं निघाले. एक राहिलाय, अगदी तळाशी, पुलीच्या मागे. तिथे सॉकेट जात नाही, मूठ जात नाही, आरसा धरल्याशिवाय नजरसुद्धा जात नाही. त्यात आता त्याचे कोपरे झिजायला लागलेत.

हिनं निर्वाणीचं सांगितलंय. महिनाअखेर गाडी स्वतःच्या चाकांवर बाहेर पडली तर ठीक, नाहीतर भंगारवाला ओढून नेईल. त्याला बोलावूनही ठेवलंय. तिचं चुकतं असं म्हणायची सोय नाही; गाडीपायी तिची स्कूटर बाहेर उन्हापावसात उभी असते. पण बाबांची गाडी भंगारात गेली तर मी त्या गॅरेजमध्ये पुन्हा पाय ठेवणार नाही.

मुद्दा असा, की बाबांची पान्यांची गुंडाळी उघडली. सगळे तारा छाप, आपापल्या कप्प्यात, पुसून ठेवलेले. फक्त बाराचा कप्पा रिकामा, आणि मला हवा नेमका बाराच. कुठलाही ऐरागैरा पाना बाबांच्या गाडीला लावायची माझी तयारी नाही. ते म्हणायचेच, तारा छाप हातात असला की अर्धं काम झालं. तेव्हा रागावू नकोस, पण तो चुकून तुझ्या सामानात तर गेला नाही ना, एवढं बघ.

लोभ आहेच, तो पान्यासकट पाठवावा.
तुझा,
खटपट्या


दि. ११ एप्रिल

चि. खटपट्यास,
अनेक आशीर्वाद आणि एक रट्टा.

पत्र वाचून आधी हसू आलं, मग संताप. बाबांच्या पेटीतला एक वायसरसुद्धा मी उचललेला नाही. बाबा गेल्यावर तू म्हणालास, ताई, तुला काय हवं ते घे, तेव्हा मी त्यांचं घड्याळ घेतलं. पेटीकडे वळूनही पाहिलं नाही. का, ते तू विसरला असशील; ते घडलं तेव्हा तू लहान होतास. मी विसरलेले नाही.

पहिल्या पगारातून मी बाबांसाठी पाना आणला होता. बाराचाच, कारण त्यांचा बारा ह्याच पंपावर घसरला होता आणि बोटं सोलून निघाली होती. दुकानात चार माणसांना विचारून कासव छाप घेतला. बाबांनी तो उजेडात धरला, उलटा केला, वरचं कासव पाहिलं आणि पाहुण्यांदेखत म्हणाले की कासव शर्यत जिंकत असेल, नट सोडवत नाही. सगळे हसले. पाना भंगाराच्या डब्यात गेला. त्यानंतर मी त्यांना कधी काही आणून दिलं नाही आणि त्यांनीही कधी विचारलं नाही. आज माझ्या रोपवाटिकेच्या व्हॅनचं सगळं काम मी कासव छापनं करते. त्यात गुण किती आणि माझा हट्ट किती, हे मला विचारू नकोस.

आता तुझा बोल्ट. तारा छापच्या रिंगला, म्हणजे पान्याच्या गोल तोंडाला, आतून बारा कोन असतात. बोल्ट धड असेल तोवर ते चालतात, झिजलेल्यावर घसरतात. तुला सहा कोनांची रिंग हवी, ती बोल्टाच्या सपाट बाजू धरते. हे मी तुला मागेही सांगितलं होतं, पण तुझं आपलं नाचता येईना अंगण वाकडं. कासव छापचा सहाकोनी बारा पार्सलनं पाठवते आहे. नाक न मुरडता वापर.

माया पूर्वीइतकीच आहे, राग आहे तो वेगळा धरावा. तुझ्या बायकोला आशीर्वाद, आणि माझी सहानुभूती कळव.
तुझी,
ताई


दि. १९ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अक्षर वाकडं आलं तर समजून घे, उजव्या हाताला पट्टी आहे. नवाकोरा तारा छाप बारा आणला. पहिल्याच हिसक्याला घसरला आणि माझी मूठ रेडिएटरच्या जाळीवर. मग दातेरी पकड लावली, मग छिन्नी आणि हातोडी. गंज सोडवायचं तेल इतकं ओतलं की गॅरेजमध्ये चालताना भिंत धरावी लागते. बोल्ट जागचा हललेला नाही. शेजारचे काका रोज दारात उभे राहून सांगतात की त्यांनी हे आधीच सांगितलं होतं. काय सांगितलं होतं, ते काही सांगत नाहीत.

घरातही माझी शोभाच आहे. काल हिला भाजीच्या पातेल्यात रॉकेलमध्ये भिजत घातलेले बोल्ट सापडले. तेव्हापासून आमचं बोलणं गरजेपुरतं चालू आहे.

तुझं पार्सल मिळालं. उघडलेलं नाही. तुला तेव्हा किती लागलं असेल ते तुझ्या पत्रानं मला आज कळलं आणि वाईट वाटलं. पण ताई, बाबांनी जे जन्मभर हातात धरलं नाही, ते मी त्यांच्याच गाडीला कसं लावू? वेडेपणा म्हण. गाडी वाचली तर तारा छापनं वाचेल, नाहीतर जाईल. मी आता खरंच रडायच्या बेताला आलोय, आणि तेही एका बोल्टापायी.

चुकलं असेल तर पोटात घाल, पण पार्सलाचं विचारू नकोस.
तुझा,
खटपट्या


दि. २९ एप्रिल

ती. वन्संस,
सा. न. वि. वि.

ह्यांचं विजयपत्र मागोमाग येईलच. त्याआधी माझं वाचा.

परवा भंगारवाला गाडी बघून गेला आणि आतलं सामान काढून ठेवा म्हणाला. हे काही केल्या हात लावेनात, म्हणून डिकी मीच उपसायला घेतली. स्टेपनी उचलली तर खालच्या खड्ड्यात बाबांच्या जुन्या बनियनच्या फडक्यात काहीतरी बांधलेलं होतं. सोडलं तर पाना. बाराचा, त्यावर तारा. ह्यांना हाक मारली. तो पाना पुलीच्या मागे असा जाऊन बसला, जणू तिथलाच असावा. बाहेरून घासून घासून पातळ केला होता, म्हणून तर बसला. ह्यांनी जोर लावला, बोल्ट एकदा कुरकुरला आणि सुटला. हे तिथेच जमिनीवर बसले. मग जे सुरू झाले ते अजून थांबलेले नाहीत. तारा तो तारा, बाबा ते बाबा, आणि ताईला आता कळेल.

हात धुवायला गेले तेव्हा मी तो पाना पुसला. वन्सं, मला हत्यारांतलं कळत नाही, पण सगळी गुंडाळी महिनाभर माझ्या स्वयंपाकाच्या ओट्यावर पडून आहे. बाकीच्यांवरचा तारा साच्यातला, रेखीव. हा वाकडा आहे, छिन्नीनं एकेक रेघ ठोकून काढलेला, एक टोक लांब गेलेलं. त्याच्याखाली कानशीनं घासल्याच्या खुणा आहेत. आणि रिंगला आतून सहाच कोन आहेत. त्या जागेवर कागद ठेवून वरून पेन्सिल फिरवली, तो कागद सोबत पाठवते. उजव्या कोपऱ्यात मला दोन पाय आणि पाठीची कड दिसते. तुम्हाला काय दिसतं ते तुम्हीच बघा. ह्यांना मी काही बोललेले नाही, ते तुमचं आहे.

भंगारवाल्याला नको म्हणून कळवलं. स्कूटर अजून बाहेरच आहे, पण असो. मायेत अंतर पडू देऊ नये, ही विनंती.
आपली,
भावजय


दि. ५ मे

चि. खटपट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं विजयपत्र मिळालं. गाडी चार चौक फिरून आली आणि तापली नाही, हे वाचून बरं वाटलं. आता तो पाना घे आणि उन्हात जाऊन नीट बघ. तारा कुणी काढलाय, त्याच्याखाली काय घासलंय आणि आत कोन किती आहेत, हे तुझं तूच बघ. तुझ्या बायकोनं एका नजरेत पाहिलं, तुला महिनाभर डोळे होते.

तो माझा पाना आहे, खटपट्या. भंगाराच्या डब्यातून त्यांनी तो मागाहून काढून घेतला असणार. त्याच बोल्टासाठी घासून पातळ केला, आणि स्वतःचा तारा छाप बारा कुठेतरी टाकून दिला. म्हणून तर तो कप्पा रिकामा. गाडीखाली, जिथे कुणी बघत नाही, तिथे हा वापरत राहिले.

मला आनंद व्हायला हवा ना? मला भयंकर राग आला. दोन दिवस रोपांना पाणी घालताना मी त्यांच्याशी भांडत होते. पोलादावरचं कासव कानशीनं घासून काढायचं, वर छिन्नीनं तारा ठोकायचा, ह्यात माणसाची अख्खी दुपार जाते. एवढी दुपार घालवली, पण पोरी, पाना चांगला निघाला, एवढं एक वाक्य काही त्यांच्या तोंडून निघालं नाही. आणि मी बाई इतकी वर्षं त्या घरी हात हलवत जात राहिले. सांगितलं असतं तर मी त्यांना सगळा सेट आणून दिला असता.

माझं पार्सल आता उघड. आतला पाना स्कूटरला वापर, आणि ती स्कूटर आधी आत घे. बाबांचा पाना बाराच्या रिकाम्या कप्प्यात ठेव. त्याला पॉलिश करू नकोस, कानशीच्या खुणा तशाच राहू देत. गाडी लांबच्या पल्ल्याला निघेल असं वाटलं की इकडे ये, आणि येताना तो घेऊन ये. माझ्या व्हॅनच्या पंपालाही बाराचेच बोल्ट आहेत. एक मी त्या पान्यानं सोडवणार आहे.

माया आहे तशीच आहे. रागाचं मात्र आता काय करायचं, ते तू आलास की बघू.
तुझी,
ताई